शेनिन ब्लाँ : ल्वारकांठची वेल गोदाकांठीं

द्राक्ष हा शब्द उच्चारला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें नाशिक उभें राहतें. माघ-फाल्गुनाच्या सुमारास नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतून निघालेला माल वाशीच्या घाऊक फळबाजारांत येतो आणि तेथून ठाणें-बेलापूर रस्त्यावरील दिघा, ऐरोली, रबाळें अशा वस्त्यांतल्या हातगाड्यांवर जाऊन पोंचतो. दिघ्याच्या एखाद्या फळवाल्यास द्राक्षाची जात विचारली, तर 'थॉमसन', 'सोनाका', 'माणिक चमन' अशीं नांवें तो घडाघडा सांगतो. गिऱ्हाइकांनाहि तीं तोंडपाठ असतात. परंतु त्याच नाशिक जिल्ह्यांत एक पांढरें द्राक्ष असें पिकतें कीं, जें या हातगाडीवर कधींच येत नाहीं, ज्याचा भाव गिऱ्हाईक कधीं विचारीत नाहीं, आणि ज्याचें नांवहि बहुतेकांच्या कानांवर पडलेलें नसतें. त्याचें नांव 'शेनिन ब्लाँ'. हें द्राक्ष मूळचें फ्रान्स देशांतील ल्वार नदीच्या कांठचें. नाशिकच्या मातींत त्याची लागवड सुरू झाली ती १९९७ च्या सुमारास. हें परदेशी द्राक्ष मूळचें कोण, येथें कसें आलें, आणि आल्यावर येथल्या शेतकऱ्याच्या पदरांत त्यानें काय टाकलें, हा इतिहास लहानसा असला तरी उद्बोधक आहे. कारण त्यांत एका फळाबरोबर कायदा, व्यापार आणि शेतकऱ्याचा संसार हीं तिन्ही गुंतलेलीं आहेत.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खावयाचें द्राक्ष निराळें आणि वाइनचें द्राक्ष निराळें. खावयाच्या द्राक्षाचा मणी टपोरा, साल पातळ, गर कुरकुरीत आणि होतां होईल तों बिनबियांचा असा हवा असतो. आंबटपणा जितका कमी तितका बरा. वाइनच्या द्राक्षाची रीत नेमकी उलट. त्याचा मणी लहान, साल जाड, आंत बिया, आणि रस गोड असूनहि चांगलाच आंबट असावा लागतो. द्राक्षाचा सुगंध बव्हंशीं सालींत आणि सालीलगतच्या गरांत असतो. म्हणून मणी जितका लहान, तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक आणि तितका गंध अधिक. रसांतील साखर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचें मद्यार्कांत रूपांतर करितात. साखर पुष्कळ आणि आम्ल थोडें असें झालें, तर जी वाइन निघते ती जड आणि बेचव असते, व लवकर बिघडतेहि. आम्ल हा वाइनचा कणा होय. उष्ण प्रदेशांत द्राक्ष पिकतां पिकतां साखर भराभर वाढते आणि आम्ल भराभर उतरतें. म्हणून ज्या जातीचें आम्ल उन्हाळ्यांतहि टिकतें, तिला अशा प्रदेशांत मोल येतें. शेनिन ब्लाँची सारी कथा या एका गुणाभोंवतीं फिरते.

आपल्या देशास द्राक्षाचें मद्य अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. संस्कृतांत द्राक्षास 'मृद्वीका' असें दुसरें नांव आहे, आणि तिच्यापासून केलेल्या मद्यास 'मार्द्वीक' म्हणत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मद्याचे प्रकार सांगतांना द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें असून, त्याचीं 'कापिशायन' आणि 'हारहूरक' अशीं दोन नांवें दिलीं आहेत. हीं नांवें तीं जेथें होत त्या प्रदेशांवरून पडलीं. कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत होती. म्हणजे द्राक्षमद्य हें त्या काळीं वायव्येकडून येणारें, थोरामोठ्यांच्या घरचें पेय होतें. पश्चिम किनाऱ्यावर तें समुद्रमार्गेंहि येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत इटलीची, लाओदिकेची आणि अरबस्तानची वाइन सांगितली असून, त्यांत इटलीच्या वाइनला अधिक मान होता असें म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत पैठण, तेर आणि कल्याण हीं नांवें येतात. दिघा ज्या ठाण्याच्या खाडीलगत आहे, तेथून कल्याणचें तें प्राचीन बंदर कांहीं फार लांब नाहीं. पुढें डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं १९५४ ते १९५६ या काळांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें जें उत्खनन झालें, त्यांत ज्यांतून वाइन आणि तेल यांची ने-आण होई अशा रोमन धाटणीच्या 'अँफोरा' नांवाच्या उंच कुंभांचीं खापरें सांपडलीं. यावरून एवढें दिसतें कीं, सातवाहनांच्या काळीं दक्षिणेंतील श्रीमंतांच्या घरीं परदेशी वाइन येत होती. परंतु ती येत होती, येथें होत नव्हती.

येथल्या द्राक्षमळ्यांचा स्पष्ट उल्लेख चौदाव्या शतकांत भेटतो. महंमद तुघलकानें १३२७ सालीं देवगिरीस राजधानी नेली आणि तिचें दौलताबाद असें नांव रूढ झालें. त्याच्या दरबारीं राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हा दौलताबादेच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी करितो आणि तीं वर्षांतून दोनदां येतात असें नमूद करितो. युरोपांत कडक थंडी पडली कीं द्राक्षवेल पानें टाकून झोपीं जाते, आणि वसंतांत जागी होऊन वर्षास एकच पीक देते. दख्खनच्या हवेंत तिला झोंप अशी येतच नाहीं. छाटणी केली कीं ती फुटते. म्हणून येथल्या माळ्यांनीं शतकांच्या अनुभवानें दोन छाटण्यांची रीत बसविली. उन्हाळ्यांतील खरड छाटणी ही काडी तयार होण्यासाठीं, आणि दसऱ्याच्या आगेंमागें होणारी गोडी छाटणी ही फळासाठीं. पावसाळ्यांत येणारा बहार आंबट होतो आणि कुजतो. म्हणून तो घ्यावयाचा नाहीं, पीक हिवाळ्यांत वाढवून उन्हाळ्याच्या तोंडीं उतरावयाचें. ज्या देशांत वेलीला दोन पिकें येतात, तेथें तिच्याकडून एकच परंतु उत्तम पीक घ्यावें, हें ज्ञान येथल्या अनाम माळ्यांचें आहे, आणि पुढें परदेशी वेलीसहि त्याचाच आधार झाला.

त्या जुन्या मळ्यांतील द्राक्षांचीं नांवें आज ऐकावयास मिळत नाहींत. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी, कंधारी अशीं तीं नांवें होतीं. त्यांपैकीं भोकरी आणि फकडी हीं हिरवट-पांढरीं द्राक्षें सर्वांत अधिक पसरलेलीं होतीं. दौलताबादेकडे फकडीचा लौकिक विशेष होता. भोकरीची साल जाड, आंत बिया, चव आंबटगोड. परंतु वेल दणकट आणि घडांनीं लदलेली. नाशिकास या वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवीत. पांगाऱ्याची फांदी जमिनींत रोंवली कीं ती मूळ धरते. तिच्या आधारानें एकेक वेल उभी करावयाची, अशी ती पद्धत. १ जानेवारी १८६५ रोजीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली आणि नाशिकचा माल मुंबईच्या अंगणांत येऊन पडला. हें नाजूक फळ बैलगाडीनें घाट उतरेपर्यंत निम्में चेंगरून जावयाचें. आगगाडीनें तें दुसऱ्या दिवशीं बाजारांत दिसूं लागलें. पुढें १९२५ सालीं नाशिकजवळील ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं द्राक्षाची लागवड सुरू केली, आणि जिल्ह्यांतील आधुनिक द्राक्षबागाइतीचा आरंभ त्यांच्यापासून मोजण्याचा प्रघात पडला. त्याच काळांत पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेंत मुंबई सरकारचे फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा हे देशी जातींचीं रोपें तपासून त्यांतून उत्तम तेवढीं निवडण्याचें काम करीत होते. पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवडलेली 'चीमा साहेबी' ही जात त्यांचें नांव आजहि धारण करिते.

या देशी द्राक्षांस मागें सारलें तें थॉमसन नांवाच्या बिनबियांच्या द्राक्षानें. हें द्राक्ष मुळांत मध्यपूर्वेकडील किसमिसाची जात. १८७० नंतरच्या दशकांत विल्यम थॉमसन या गृहस्थानें कॅलिफोर्नियांत तिची लागवड केली, म्हणून तिला त्याचें नांव पडलें. महाराष्ट्रांत १९६० नंतर तिचा प्रसार झाला आणि थोड्याच वर्षांत तिनें मळे व्यापले. येथल्या शेतकऱ्यांनीं तिच्यांतूनच नव्या जाती हेरल्या. तासगांव तालुक्यांतील बोरगांवची 'तास-ए-गणेश' आणि सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजची 'सोनाका' ह्या त्यांपैकीं होत. शाळेचा उंबरठा फारसा न ओलांडलेल्या बागाइतदारांनींहि नुसत्या नजरेनें एका वेलीवरचा निराळा घड ओळखावा आणि त्यांतून देशभर पसरणारी जात निपजावी, ही गोष्ट अभिमानास्पद आहे. तथापि या भरभराटींत भोकरी आणि फकडी यांचे मळे मोडले, हेंहि तितकेंच खरें. बाजारास बीं नको होतें; त्या द्राक्षांस बीं होतें. एवढ्यावर निकाल लागला.

आतां शेनिन ब्लाँचें मूळ पाहूं. फ्रान्सच्या मध्यभागांतून पश्चिमेस अटलांटिक महासागराकडे वाहत जाणारी ल्वार ही त्या देशांतील सर्वांत लांब नदी. तिच्या कांठचे आंझू आणि तूरेन हे दोन प्रांत हें या वेलीचें माहेर. 'ब्लाँ' म्हणजे पांढरें. 'शेनिन' हें नांव तूरेनमधील माँ-शेनिन या ठिकाणावरून पडलें असें मानतात. सोळाव्या शतकांत तें तेथें घरोघर माहीत होतें, याला एक गमतीदार पुरावा आहे. राबले या थोर फ्रेंच विनोदकाराच्या 'गार्गांत्युआ' या १५३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत द्राक्षमळे राखणारे धनगर आणि रोट विकणारे भटारी यांचें भांडण जुंपतें. त्यांत एका धनगरास मार बसतो, तेव्हां त्याच्या सोबत्यांनीं आणि सोबतिणींनीं टपोऱ्या शेनिन द्राक्षांनीं त्याचे पाय शेकले आणि तो बरा झाला, असें राबले सांगतो. विनोद सोडला, तरी खेडवळ माणसाच्या घरांत हें द्राक्ष औषधासारखें हातीं लागण्याजोगें होतें, एवढें त्यावरून कळतें.

अलीकडे वनस्पतींच्या पेशींतील जनुकें तपासून त्यांचें कुळ ओळखण्याची विद्या निघाली आहे. त्या तपासणींत असें आढळलें कीं, 'सावान्याँ' नांवाची एक जुनी पांढरी जात ही शेनिनच्या आईबापांपैकीं एक आहे. आणि 'सोव्हिन्याँ ब्लाँ' या दुसऱ्या नामांकित जातीचेंहि मातृपितृकुळ अंशतः तेंच आहे. म्हणजे ह्या दोन्ही जाती जवळच्या भावंडांसारख्या. योगायोग असा कीं, पुढें नाशिकास ज्या दोन वेली प्रथम एकत्र आल्या, त्या ह्याच.

माहेरीं शेनिनचा स्वभाव मोठा बहुरूपी आहे. ल्वारच्या कांठीं साव्हेनिएर या गांवीं तिची कोरडी, म्हणजे मुळींच गोड नसलेली, वाइन करितात. वूव्रे या गांवीं हवेच्या मानाप्रमाणें कधीं कोरडी, कधीं गोडसर, तर कधीं फसफसणारी करितात. लेयाँ नदीच्या उतारावर शरद् ऋतूंत सकाळीं धुकें आणि दुपारीं ऊन असा खेळ चालतो. त्या वेळीं पिकल्या घडांवर एक बुरशी धरते, ती सालीला सूक्ष्म छिद्रें पाडते, आंतील पाणी उडून जातें आणि मणी मनुक्यासारखा सुकत जाऊन रस मधासारखा दाट होतो. त्यापासून होणारी गोड वाइन कित्येक दशकें टिकते. एकाच द्राक्षापासून इतके प्रकार होण्याचें कारण पूर्वीं सांगितलेलें आम्लच होय. आम्ल असल्यामुळें गोड वाइन मचळ होत नाहीं, आणि कोरडी वाइन पाणचट लागत नाहीं. तरुणपणीं तिला सफरचंद, पेरू, बिही यांच्यासारखा गंध येतो. वय झालें म्हणजे मधासारखा.

माहेर सोडून ही वेल प्रथम गेली ती आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास. डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६५२ सालीं यान व्हान रिबेक याला केप येथें ठाणें घालण्यास धाडलें. पूर्वेकडे येणाऱ्या गलबतांस ताजें अन्न व पाणी पुरविणें हें त्या ठाण्याचें काम. १६५५ सालीं तेथें द्राक्षवेली लावल्या गेल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ या दिवशीं केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली, अशी नोंद व्हान रिबेकच्या रोजनिशींत आहे. त्या आरंभींच्या वेलींतच शेनिन असावी असें मानतात. तेथें तिला 'स्टीन' असें नांव पडलें, आणि ती इतकी रुळली कीं तिचें मूळ सर्वांना विसरलें. स्टेलेनबॉश येथील प्राध्यापक ऑर्फर यांनीं पानांची व घडांची तुलना करून स्टीन आणि शेनिन ब्लाँ ह्या एकच होत, असें १९६५ च्या सुमारास ठरविलें. म्हणजे तीनशें वर्षें त्या देशांतील माळी जिला वाढवीत होते, तिची खरी ओळख त्यांना इतक्या उशिरां पटली! आज शेनिनची लागवड तिच्या माहेराहूनहि दक्षिण आफ्रिकेंत अधिक आहे. उष्ण प्रदेशांत ती नांदूं शकते याचा दाखला केपनें दिला, आणि तोच पुढें नाशिकास उपयोगी पडला.

महाराष्ट्रांत वाइन करण्याचा विचार एक-दोन पिढ्यांपूर्वीं सुचणेंहि कठीण होतें. मुंबई राज्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला. गांधीजींच्या शिकवणुकीवर वाढलेल्या पिढीस तो प्रिय होता. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं होतीं, त्यांस तो हवाच होता. पुढें त्याचीं बंधनें सैल झालीं, परवान्यांची पद्धत आली. परंतु कायदा नाहींसा झाला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फसफसणारी वाइन करण्याचा कारखाना काढला. नाशिकचा आरंभ राजीव सामंत यांच्या नांवाशीं निगडित आहे. अमेरिकेंत शिक्षण व नोकरी करून परतलेले सामंत यांनीं नाशिकास गंगापूर धरणाजवळ आपल्या घरच्या जमिनींत शेती सुरू केली. कॅलिफोर्नियांतील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांचा सल्ला घेऊन १९९७ च्या सुमारास त्यांनीं शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ह्या वेली लावल्या, आणि २००० सालीं त्यांची पहिली वाइन बाजारांत आली. आईच्या 'सुलभा' या नांवावरून त्यांनीं आपल्या मळ्यास 'सुला' असें नांव दिलें.

समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीचें नाशिकचें पठार, हिवाळ्यांतील थंड रात्री आणि कोरडें ऊन हीं शेनिनला मानवलीं. येथील काळ्या भारी जमिनीपेक्षां मुरमाड, हलकी, पाणी निचरून जाणारी जमीन तिला अधिक भावते. येथें ती स्वतःच्या मुळांवर क्वचितच उभी असते. क्षार आणि पाण्याचा ताण सोसणाऱ्या 'डॉगरिज' यासारख्या खुंटावर तिचें कलम करितात. छाटणी मात्र येथल्याच रीतीची : उन्हाळ्यांत खरड छाटणी, पावसाळा संपतांना गोडी छाटणी. ल्वारच्या कांठीं जें द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरांत उतरतें, तें नाशिकास जानेवारी ते मार्च या दिवसांत उतरतें. थॉमसनच्या मण्यास फुगविण्यासाठीं जशीं संजीवकें देतात, तशीं हिला देत नाहींत; उलट भार मर्यादित ठेवून मणी लहान राहील असें पाहतात. अवकाळी पाऊस हा तिचा मोठा वैरी. तिचा घड घट्ट असतो, मण्याला मणी चिकटलेला. पाणी आंत शिरलें कीं कूज धरते. केवडा आणि भुरी हे रोग आहेतच. म्हणून गोडी छाटणीनंतरचे चार महिने शेतकऱ्याचा डोळा आभाळाकडे असतो.

तोडणी पहांटे करितात, कारण उन्हांत तापलेल्या द्राक्षाचा गंध उडतो आणि रस लवकर काळवंडतो. साखर 'ब्रिक्स' नांवाच्या अंशांनीं मोजतात. ती वीस ते चोवीस अंशांच्या घरांत आली आणि आम्लहि जागेवर असलें, म्हणजे तोडणीची वेळ झाली. पांढऱ्या वाइनसाठीं घड दाबयंत्रांत दाबून रस लागलीच सालींपासून वेगळा करितात. तांबड्या वाइनप्रमाणें साल आणि रस एकत्र आंबवीत नाहींत. हा रस पोलादी टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवितात. यीस्टचें काम साखर संपण्यापूर्वीं थांबविलें, तर वाइन किंचित् गोडसर राहते. नाशिकच्या शेनिनची वाइन बहुधा अशी असते, आणि नवख्या माणसास ती आवडते.

येथवरची कथा यशाची आहे. पुढील भाग सावधपणें सांगितला पाहिजे. महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, वाइनवरील उत्पादन शुल्कांत सवलती दिल्या, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें योजिलीं. कारखाने भराभर निघाले. शेतकऱ्यांशीं करार झाले, आणि कित्येकांनीं थॉमसन काढून शेनिन आणि तिच्या सोबतिणी लावल्या. करारांत भाव ठरलेला. बाजाराची चढउतार नाहीं. मणी फुगविण्याचा, प्रत्येक घड निगुतीनें विरळ करण्याचा खर्च नाहीं. हें सारें शेतकऱ्यास आकर्षक वाटलें यांत नवल नाहीं. नंतर २००८ सालीं जगभर मंदी आली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि प्रवाशांची व हॉटेलांची वर्दळ आटली. वाइनचा खप घसरला. टाक्यांत जुनी वाइन पडून, तेव्हां नव्या द्राक्षांस जागा कोठून असणार?

अशा वेळीं खावयाचें द्राक्ष आणि वाइनचें द्राक्ष यांतील भेद शेतकऱ्याच्या जिवावर उठतो. थॉमसनचा भाव पडला, तर तो माल दुसऱ्या बाजारांत नेतां येतो. तेंहि न जमलें, तर तासगांवकडे करितात तसा बेदाणा करितां येतो. शेनिनचा बारीक, बियांचा, आंबटगोड घड वाशीच्या बाजारांत कोण घेणार? दिघ्याच्या हातगाडीवर तो कोण मांडणार? त्याला गिऱ्हाईक एकच : कारखाना. त्यानें दार लावलें, कीं वर्षाची मेहनत वेलीवरच सुकते. त्या दोन-चार वर्षांत नाशिक भागांतील कित्येक शेतकऱ्यांनीं वाइनच्या वेली उपटल्या, किंवा बुंधे राखून त्यांवर खावयाच्या जातींचें कलम बांधलें. द्राक्षवेल फळास येण्यास दोन-तीन वर्षें लागतात. म्हणजे एकदां लावण्याचीं, एकदां उपटून पुन्हां लावण्याचीं, अशीं पांच-सहा वर्षें एका शेतकऱ्याच्या आयुष्यांतून गेलीं, आणि कर्जाचें व्याज मात्र थांबलें नाहीं. भोकरी आणि फकडी यांना बाजारानें घालविलें होतें. शेनिनला तिच्याच गिऱ्हाइकानें. पुढें मागणी सावरली, टिकलेल्या कारखान्यांनीं पुन्हां करार केले, आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु ज्यांनीं वेली उपटल्या, ते सारेच परत फिरले नाहींत.

याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो पैशाचा नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष बागाइतदारांच्या हिताचा म्हणून त्याचें समर्थन झालें; तर व्यसनमुक्तीचें कार्य करणाऱ्यांनीं त्याला कडाडून विरोध केला, आणि अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद सुटत नाहीं. वाइन ही फळाच्या रसाची असली तरी तिच्यांत मद्यार्क आहे, आणि तो शरीराला मद्यार्क म्हणूनच जाणवतो. तिला फळरस म्हणून गोंजारणें हें खरें नव्हे. उलटपक्षीं, ज्या शेतकऱ्यास शासनानेंच धोरण आंखून या वेलीकडे वळविलें, त्याच्या मालाची वाट अर्ध्यावर अडवून त्याला उघड्यावर सोडणें हेंहि न्यायाचें नव्हे. आधीं धोरण, मग लागवड, मग विक्रीविषयीं वाद, असा हा उलटा क्रम झाला. त्याची किंमत जो सर्वांत कमी बोलतो त्यानें मोजली.

या बाबतींत केपकडून शिकण्याजोगें एक आहे. तेथेंहि शेनिनचे दिवस फिरले होते. १९५९ सालीं निघालेल्या एका स्वस्त, गोडसर वाइनसाठीं स्टीनचे अमाप मळे लागले. १९६४ पर्यंत तिचा वार्षिक खप तीन कोटि लिटरांवर गेला. पुढें आवड बदलली आणि जुने मळे उपटून तेथें प्रतिष्ठित जाती लावण्याची लाट आली. परंतु कांहीं माळ्यांनीं वेली राखल्या. वेल म्हातारी झाली म्हणजे घड थोडे देते, पण तिचीं मुळें खोल गेलेलीं असतात आणि रस घट्ट व चवदार उतरतो, असा त्यांचा अनुभव होता. २०१६ सालीं तेथें जुन्या वेलींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली. पस्तीस वर्षें पुरीं केलेल्या वेलींच्या वाइनवर लागवडीचें साल छापून मुद्रा देण्याची व्यवस्था तिनें केली. अशा वाइनला भाव अधिक मिळतो आणि त्याचा अंश जुना मळा राखणाऱ्या शेतकऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी होते. ज्या वेली उपटून टाकण्याच्या लायकीच्या ठरल्या होत्या, त्याच आज त्या देशाचें भूषण झाल्या आहेत.

महाराष्ट्रांत भोकरीचा किंवा फकडीचा शंभर वर्षांचा मळा दाखवा म्हटलें तर दाखवितां येणार नाहीं. त्यांच्या बाबतींत ती वेळ टळून गेली. शेनिनच्या बाबतींत अजून टळलेली नाहीं. १९९७ च्या सुमारास गंगापूरच्या परिसरांत लावलेल्या वेलींपैकीं जी वेल मंदी, अवकाळी पाऊस, केवडा आणि बाजाराची लहर यांतून निभावेल, ती २०३२ सालीं पस्तीस वर्षांची होईल. केपच्या मोजमापानें ती त्या दिवशीं मान मिळण्यास पात्र ठरेल. तोंवर तिला पाणी घालणाऱ्या शेतकऱ्याचा करार टिकतो कीं नाहीं, यावर तिचें पुढील आयुष्य अवलंबून आहे.